बिनतारी जाळे : एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर

शाळेची जुनी इमारत रस्त्याच्या एका अंगाला आणि नवी इमारत दुसऱ्या अंगाला, असे दृश्य वऱ्हाडातल्या पुष्कळ गावांत दिसते. शाळा वाढते, जुन्या आवारात जागा उरत नाही, मग मिळेल त्या जागेवर चार खोल्या बांधल्या जातात. इंटरनेटची जोडणी मात्र जुन्या इमारतीतल्या कार्यालयातच असते. ती नव्या इमारतीतल्या संगणकांपर्यंत न्यायची कशी?

सरळ उत्तर म्हणजे तार ओढणे. पण संगणकांच्या जाळ्यासाठी वापरतात ती तांब्याची तार ठरलेल्या प्रमाणानुसार १०० मीटरपर्यंतच चालते. शिवाय दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असते. जवळपास वीज कोसळली तर त्या दोन ठिकाणच्या जमिनीच्या विभवात क्षणभर फार मोठा फरक पडतो, आणि तो फरक भरून काढण्यासाठी विद्युतप्रवाह नेमका आपल्या तारेतून धावतो. दोन्ही टोकांची यंत्रे त्यात जळतात. काचेच्या तंतूला, म्हणजे ऑप्टिकल फायबरला, ही भीती नाही. खोदकाम करणे शक्य असेल आणि परवानगी मिळत असेल, तर काचतंतूच उत्तम, हे आधीच सांगून टाकतो. पण मध्ये डांबरी रस्ता, नाला किंवा दुसऱ्याचे शेत असले, की बिनतारी मार्गाकडे वळावे लागते.

बिनतारी लहरींनी इमारती जोडण्याची कल्पना नवी नाही. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. १९२७ साली पुण्याजवळचे खडकी आणि दौंड येथील केंद्रे इंग्लंडशी बिनतारी शलाकेने जोडली गेली. खडकीहून संदेश जाई आणि दौंडला उतरे. संगणकांचे पहिले बिनतारी जाळे मात्र १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी उभारले. त्याचे नाव ‘अलोहानेट’. त्याची गोष्ट पुढे येईलच.

दिसते, म्हणजे पोहोचते का?

गच्चीवर उभे राहून समोरची गच्ची दिसली, की बहुतेक जण म्हणतात, ‘झाले, सरळ रेषा मोकळी आहे.’ येथेच घोटाळा होतो. रेडिओलहर सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी जात नाही. तिला आजूबाजूला चांगली ऐसपैस जागा लागते. किती लागते, हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येते.

वाय-फायच्या लहरींची कंप्रता साधारण २.४ गिगाहर्ट्झ असते. त्यांची तरंगलांबी त्यामुळे १२.५ सेंटिमीटर येते. आता प्रक्षेपकाकडून ग्राहीकडे जाणाऱ्या दोन वाटा डोळ्यांसमोर आणा. एक नाकासमोर जाणारी आणि दुसरी थोडी वळसा घेऊन जाणारी. वळशाची वाट सरळ वाटेपेक्षा अर्ध्या तरंगलांबीहून कमी लांब असेल, तोवर दोन्ही वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना बऱ्यापैकी साथ देतात. अर्धी तरंगलांबी ही त्या जागेची हद्द. या लंबगोल जागेला फ्रेनेलचे क्षेत्र म्हणतात. फ्रेनेल हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा फ्रेंच शास्त्रज्ञ. तो प्रकाशाचा अभ्यास करीत होता, पण नियम रेडिओलहरींनाही तोच लागू पडतो.

हे मैदानावर करून पाहा. २० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. न ताणणारी सुतळी २० मीटर आणि ६.२५ सेंटिमीटर लांब घ्या आणि तिची टोके दोन्ही खुंट्यांना बांधा. गाठीत गेलेली लांबी धरू नका. आता सुतळी मधोमध धरून बाजूला ओढा. जेमतेम सहा सेंटिमीटरची वाढ, म्हणजे सुतळी थोडीशीच सरकेल असे वाटेल. प्रत्यक्षात ती जवळजवळ ७९ सेंटिमीटर बाजूला येईल! गणित असे : दोन इमारतींतले अंतर d आणि तरंगलांबी λ मानली, तर मध्यावरची त्रिज्या म्हणजे λ आणि d यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची निम्मी. कर्णाचे सूत्र वापरून हे तुम्हीच सिद्ध करा.

अंतर एक किलोमीटर असेल तर ही त्रिज्या सुमारे ५.६ मीटर होते. म्हणजे मध्यावर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एवढी जागा आली. ती संपूर्ण मोकळी मिळाली तर उत्तमच, पण निदान ६० टक्के, म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास, तरी मोकळी हवी. समजा, मध्ये असलेल्या घराच्या पाण्याच्या टाकीचा माथा आपल्या दृष्टिरेषेला नुसता टेकला आहे. डोळ्याला समोरची गच्ची स्वच्छ दिसते आहे. तरीही खालचा निम्मा भाग झाकला गेल्यामुळे ग्राहीपर्यंत जवळजवळ एक चतुर्थांशच शक्ती पोहोचते. टाकी चार मीटर खाली असती तर हा तोटा झालाच नसता. म्हणून खांब उंच करायचा तो समोरचे दिसावे एवढाच नव्हे, तर मधल्या अडथळ्यांच्या बराच वर.

झाडे आणि पावसाळा

आता आमच्या भागातली खरी अडचण सांगतो. अमरावती-अकोल्याकडे जोडणीची पाहणी बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत होते, कारण तेव्हाच शाळा-महाविद्यालयांना सवड असते. एप्रिल-मे महिन्यांत मेळघाटातला साग निष्पर्ण असतो. झाडांच्या फांद्यांतून आरपार दिसते. खांब उभे राहतात, यंत्रे बसतात, वेगही चांगला मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच सागाला सुपाएवढी पाने येतात, आणि जोडणी अडखळू लागते. ‘पाऊस आला की नेट जाते’ असे मग लोक म्हणतात.

पावसाला उगीच दोष लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला एक किलोमीटरच्या अंतरात मुसळधार पावसानेही नगण्य तोटा होतो, कारण पावसाचा थेंब तिच्या तरंगलांबीपुढे फार लहान असतो. खरे गुन्हेगार दोन. पहिला, पाणी भरलेली आणि वरून भिजलेली पाने. पाण्याच्या रेणूच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण विद्युतभार झुकलेला असतो. लहरीच्या बदलत्या क्षेत्राबरोबर हे रेणू हेलकावत राहतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते ते याच कारणाने. (त्यासाठी २.४५ गिगाहर्ट्झ ही काही पाण्याची ‘खास’ कंप्रता आहे, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. ते खरे नाही.) दुसरा गुन्हेगार म्हणजे गच्चीवरच्या जोडखिळीत शिरलेले पाणी. पन्नास रुपयांची जलरोधक पट्टी नीट गुंडाळली नाही, म्हणून हजारो रुपयांचे यंत्र नालायक ठरवले जाताना मी पाहिले आहे.

कडुनिंबाचे वेळापत्रक आणखी वेगळे. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि एप्रिलपर्यंत पुन्हा हिरवागार होतो. तेव्हा मध्ये कोणते झाड आहे आणि ते कोणत्या महिन्यात भरते, याची चौकशी गावातल्या जाणत्या माणसाकडे करावी. दुकानदाराने सांगितलेल्या ‘दोन किलोमीटर रेंज’पेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

हजार कोटींतला एक भाग

समजा, मार्ग पूर्ण मोकळा आहे. तरी किती शक्ती पलीकडे पोहोचते? २.४ गिगाहर्ट्झला एक किलोमीटर अंतरावर साधा, सर्व दिशांना सारखाच पसरवणारा आकाशक (म्हणजे अँटेना) दोन्हीकडे लावला, तर निघालेल्या शक्तीच्या हजार कोटी भागांपैकी फक्त एक भाग समोरच्या ग्राहीत उतरतो. अभियंते यालाच १०० डेसिबेलचा तोटा म्हणतात. डेसिबेल म्हणजे लॉगॅरिथमची मोजपट्टी. दर १० डेसिबेलला शक्ती दहापट घटते किंवा वाढते. घरातला राउटर ०.१ वॉट शक्तीने बोलत असेल, तर समोर पोहोचते ती एका वॉटच्या दहा हजार कोटी भागांपैकी एक. आश्चर्य असे, की आजचे ग्राही एवढीशी शक्तीही ओळखतात. पण मग शेजारच्या घरातल्या वाय-फायचा गोंगाटही तेवढाच मोठा ठरतो.

यावरचा उपाय तुम्हाला टॉर्चमध्ये सापडेल. बल्ब तोच, पण मागे परावर्तक लावला की झोत लांब जातो. ६० सेंटिमीटर व्यासाची अन्वस्त आकाराची थाळी २.४ गिगाहर्ट्झला शक्ती एका दिशेला सुमारे १३० पट एकवटते. दोन्ही टोकांना अशी थाळी लावली तर समोर पोहोचणारी शक्ती १३० गुणिले १३०, म्हणजे जवळपास १७ हजार पट वाढते. अर्थात झोत अरुंद होतो. या थाळीचा झोत सुमारे १४ अंशांचा असतो, तर ५.८ गिगाहर्ट्झला तीच थाळी वापरली तर तो ६ अंशांवर येतो. मग थाळी ३ अंश जरी कलली तरी त्या टोकाची निम्मी शक्ती गेली.

आणि कलते ती हमखास, कारण आपली काळी माती! कपाशीची ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात दोन-तीन फूट रोवलेला खांब दरवर्षी थोडा थोडा झुकतो. कुंपणाचे खांब वाकडे झालेले तुम्ही पाहिलेच असतील. म्हणून खांब इमारतीच्या भिंतीला किंवा स्तंभाला जखडणे बरे. जमिनीतच रोवायचा झाला तर खाली मुरूम लागेपर्यंत खोदावे.

थाळी मोठी केली की काय वाटेल ते करता येते, असे मात्र नाही. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरण्यास खुला केला, तो अटी घालून. प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त १ वॉट आणि थाळीने एकवटल्यावर झोतातली परिणामी शक्ती ४ वॉट, ही मर्यादा त्यात आहे. म्हणजे १३० पट एकवटणारी थाळी लावायची, तर प्रक्षेपक ०.०३ वॉटवरच चालवायला हवा. ऐकण्याच्या बाजूला मात्र मर्यादा नाही. थाळी हा मोठा कानही आहे, आणि खरा फायदा तिथेच मिळतो. ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे आणखी पट्टे २०१८ साली खुले झाले. तिथे गर्दी कमी असते, पण पाने जास्त त्रास देतात.

एवढे कळल्यावर विद्यार्थी हमखास विचारतात, ‘सर, मग अमरावतीहून थेट अकोला जोडता येईल का?’ सरळ रेषेत हे अंतर ८० किलोमीटरच्या थोडे वर भरते. पृथ्वी गोल असल्यामुळे मधल्या जमिनीचा फुगवटा आडवा येतो. लहरी हवेत किंचित खाली वाकतात, ही सवलत धरली तरी दोन्हीकडे सुमारे शंभर मीटर उंचीचे मनोरे लागतील, आणि तेव्हाही दृष्टिरेषा जमिनीला नुसती टेकेल. त्यापेक्षा उत्तरेकडे पाहा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे, तर अमरावती साधारण ३४० मीटर. साडेसातशे मीटर उंचावरून क्षितिज ९८ किलोमीटरवर दिसते. गाविलगडाच्या दक्षिण कड्यापासून अमरावती सुमारे ७० आणि अकोला सुमारे ८५ किलोमीटर. निदान भूमिती तरी जमते. कानपूरच्या आय. आय. टी.ने या शतकाच्या आरंभी कानपूर ते लखनौ एवढ्याच अंतरात साध्या वाय-फायचे प्रायोगिक जाळे उभारले. तिथे डोंगर नाही, म्हणून मनोऱ्यांचे अनेक टप्पे घ्यावे लागले.

तिसरी इमारत आली, की

दोन इमारती जोडणे हा भूमितीचा प्रश्न झाला. तिसरी जोडायची म्हटले की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. मधोमध कार्यालय, पूर्वेला वसतिगृह, पश्चिमेला प्रयोगशाळा अशी रचना धरा. कार्यालयाला दोघांचे ऐकू येते, पण वसतिगृह आणि प्रयोगशाळा यांना एकमेकांचे ऐकू येत नाही. वाय-फायचा शिष्टाचार असा, की बोलण्यापूर्वी ऐकायचे, कोणी बोलत असेल तर थांबायचे. इथे दोघांनाही शांतता भासते, दोघेही एकदम बोलतात, आणि कार्यालयाच्या कानावर नुसता कलकलाट पडतो. याला ‘लपलेल्या केंद्राची’ अडचण म्हणतात.

अलोहानेटपुढे हाच प्रश्न होता. वेगवेगळ्या ठिकाणची केंद्रे होनोलुलूच्या मुख्य संगणकाशी एकाच कंप्रतेवर बोलत. अब्रॅमसन यांनी सोपा नियम केला : हवे तेव्हा बोला. पोच आली नाही तर टक्कर झाली असे समजा, आणि कितीतरी वेळ, दर वेळी वेगळा, थांबून पुन्हा बोला. एक संदेश पाठवायला T इतका वेळ लागत असेल, तर तो सुखरूप पोहोचण्यासाठी त्याच्या आधीच्या T वेळात आणि नंतरच्या T वेळात दुसऱ्या कोणी सुरुवात करता कामा नये. या हिशेबाने कितीही सुधारणा केली तरी एकूण वेळेच्या १८ टक्क्यांहून अधिक उपयोग होत नाही. बाकीचा वेळ टकरींत किंवा शांततेत जातो. ठरावीक ठोक्यावरच बोलायचे असे बंधन घातले तर हा आकडा दुप्पट, ३७ टक्क्यांच्या जवळ येतो.

आजच्या यंत्रांत त्यावर तोड आहे. आधी ‘बोलू का?’ अशी छोटी विचारणा करायची. कार्यालय ‘बोल’ म्हणते, ते दोघांनाही ऐकू येते आणि दुसरा गप्प बसतो. पण बाजारात मिळणारे स्वस्त ‘रिपीटर’ घेऊन जाळे लांबवायला गेलात, तर दुसरा फटका बसतो. रिपीटर एकच कान-तोंड असलेला असतो. तो आधी पूर्ण ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो. तो बोलत असताना पहिल्याला गप्प राहावे लागते. वेग तिथेच निम्मा होतो, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला आणखी घटतो. त्यापेक्षा मधल्या गच्चीवर दोन वेगळे रेडिओ बसवून त्यांना तारेने जोडावे आणि एकाला पहिली वाहिनी, दुसऱ्याला अकरावी द्यावी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच मानतात : १, ६ आणि ११.

अंतर वाढले की आणखी एक गंमत होते. पोच यायची वाट यंत्र काही मायक्रोसेकंदच पाहते. १५ किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाच्या वेगानेही १०० मायक्रोसेकंद लागतात. पोच वाटेत असतानाच यंत्र ‘हरवली’ म्हणून संदेश पुन्हा पाठवते. मैदानी यंत्रांत म्हणूनच ‘अंतर’ भरण्याची जागा असते. बसवणारा ती बहुधा कोरी सोडतो.

मेळघाटातला प्रश्न

शहरात हे सारे सोयीचे असते. मेळघाटात ते गरजेचे आहे. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, शिधापत्रिका, दवाखान्यातला सल्ला, सगळेच आता जाळ्यावरून चालते. जिथे जाळे नाही तिथल्या कोरकू मुलाला एका अर्जासाठी एसटीने परतवाडा किंवा धारणी गाठावी लागते. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे रेषा मोकळी करायला झाड तोडता येत नाही, आणि वाटेल तिथे मनोराही उभारता येत नाही.

धारणी तालुक्यातल्या हरिसाल गावात २०१६ साली राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ घडवण्याचा प्रयोग केला. त्यात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या वाहिन्या वापरण्याचा मार्ग निवडला होता. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी ६० सेंटिमीटर. एवढी लांब लहर पानांतून कमी शोषली जाते आणि टेकडीच्या कडेवरून जास्त वळते. किंमतही मोजावी लागते : १० किलोमीटरच्या मध्यावर तिचे फ्रेनेल क्षेत्र सुमारे ३९ मीटर त्रिज्येचे असते, आणि आकाशकही मोठे लागतात. मुंबईच्या आय. आय. टी.ने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर परिसरातल्या पाड्यांवर असाच प्रयोग केला होता. त्याला २०१७ साली मोझिला संस्थेचे पारितोषिक मिळाले. हरिसालच्या सोयी प्रत्यक्षात किती चालतात, यावरून २०१९ साली राज्यभर जाहीर वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. पण खांब उभा करायला चार दिवस लागतात आणि तो चालता ठेवायला बारा महिने कोणीतरी लागते. वीज गेल्यावर बॅटरी कोण पाहणार, कललेली थाळी कोण सरळ करणार, माकडाने तोडलेली तार कोण जोडणार, हे आधी ठरायला हवे. गावातल्याच दोन मुलांना ही कामे शिकवली तर बाहेरून माणूस येण्याची वाट पाहावी लागत नाही.

गच्चीवर चढणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. लोखंडी खांब हा परिसरातला सर्वांत उंच धातू असतो. तो जाड पट्टीने स्वतंत्र अर्थिंगला जोडलेला असावा, खाली येणाऱ्या तारेवर विद्युतझटका अडवणारे साधन असावे, आणि आभाळ गडगडू लागले की थाळी कितीही कललेली असली तरी वर जायचे नाही. आमच्याकडे मृगाच्या आगेमागे पडणाऱ्या विजांनी शेतात माणसे दगावतात, ती बहुधा झाडाखाली थांबल्याने किंवा मोकळ्यावर सर्वांत उंच राहिल्याने.

ज्यांच्याकडे मोबाइल फोन आहे त्यांनी एक दीर्घ प्रयोग करून पाहावा. शाळेतला वाय-फाय राउटर आणि आपण यांच्यामध्ये एखादा मोठा कडुनिंब येईल अशी जागा निवडा आणि तिथे खडूने खूण करा. लहरींची तीव्रता डेसिबेलमध्ये दाखवणारी अनेक मोफत ॲप मिळतात. तीव्रता उणे आकड्यात येते. उणे ६० हे उणे ७० पेक्षा दहापट जास्त. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत दर शनिवारी त्याच वेळी नोंद घ्या, आणि शेजारच्या रकान्यात झाडाची स्थिती लिहा : पानगळ, कोवळी पालवी, भरगच्च, भिजलेले. फोन दर वेळी त्याच उंचीवर, त्याच बाजूला तोंड करून धरा. नुसता हात फिरवला तरी आकडा पाच-दहा डेसिबेलने हलतो, तेव्हा दहा वाचने घेऊन सरासरी काढा. आलेख काढताना आडव्या अक्षावर तारखा आणि उभ्या अक्षावर डेसिबेल घ्या, आणि पाऊस पडून गेल्यावर तासाभराच्या आत घेतलेल्या नोंदी वेगळ्या रंगाने दाखवा.